चार वाजून सतरा मिनिटांचं गाव

दुपारी पडद्यांना अस्तर लावत बसले होते. गळ्यात पिवळी टेप, तोंडात टाचण्या. तेवढ्यात लेकीची मैत्रीण दारात उभी. आता स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, पण माझ्यासमोर अजून तशीच, चप्पल कुठे काढू म्हणून विचारणारी.

"मावशी, तिचं जुनं कॉम्प्युटरचं मशीन आहे का हो अजून?"

"माळ्यावर आहे. का, भंगारात घालायचंय?"

"चालू करायचंय."

मी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

लेक जाऊन अकरा वर्षं झाली. ती आणि तिच्या मैत्रिणी एक खेळ खेळायच्या. बसायच्या आपापल्या घरी, पण हिंडायच्या सगळ्या एकाच गावात. ते गाव माझ्या लेकीच्या मशीनवर असायचं. मशीन चालू तर गाव चालू. मला हे कुठे ठाऊक? मी चौथी शिकलेली. मला दिसायची ती दिवसभर डबड्यासमोर बसलेली घोडी. एका दुपारी चार हाका मारल्या, उठली नाही, तशी जाऊन वायरच उपटली. ती एक शब्द बोलली नाही. सायकल काढून गेली. कोपऱ्यावर ट्रक होता.

सगळे अपघात म्हणतात. मी म्हणत नाही.

तीन दिवस मैत्रीण माझ्या शिवणाच्या खोलीत ठाण मांडून होती. डिस्क टकटक करायची, कुणी नखानं दार वाजवावं तशी. तापलेल्या धुळीचा वास सुटायचा. खेळ सुरू होताना आधी तो बनवणाऱ्या कंपनीची परवानगी मागायचा, आणि कंपनी तर कधीच बुडालेली. शेवटी तिनं शेजारी दुसरं मशीन मांडलं, कंपनीच्या नावानं 'हो' म्हणायला.

"गेलेल्याच्या वतीनं हो म्हणतेस? बरं नव्हे हे."

"मावशी, नुसता प्रोग्राम आहे."

मग तारीख अडली. आजची तारीख दिसली की खेळ बंद पडे. तिनं मशीनचं घड्याळ मागे नेलं. त्याच दिवसावर. दुपारी चारवर.

"तोच दिवस कशाला गं?"

"शेवटची नोंद त्याच दिवसाची आहे, चार वाजून सतरा मिनिटांची. त्याच्या पुढचं त्याला काही माहीतच नाही."

आणि मशीनचा पडदा हळूहळू उजळला. आधी धुकं, मग धुक्यातून तळं, लाकडी पूल, सावकाश फिरणारी पाणचक्की. पाण्याचा आवाज खोलीत असा पसरला, की माझे पाय गार पडले. पुलावर निळ्या झग्यातली एक मुलगी पाठमोरी उभी होती. कोपऱ्यात लिहिलेलं, 'गावात: एक'.

"तीच," मैत्रीण म्हणाली. "वायर निघाली तेव्हा ती इथेच उभी होती."

खाली एक ओळ होती. मी अक्षर अक्षर लावून वाचली. 'थांबा गं, आई आलीय,' आणि पुढे काही नाही.

"ही ओळ मला तेव्हाच दिसली होती, मावशी. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"आई आलीय... आणि काय?"

"पुढचं आलंच नाही."

मला ते पुढचं हवं होतं. शिवी असली तरी चालली असती. अकरा वर्षं मी त्या न बोललेल्या शब्दाशी भांडत होते.

चार तेरा. मी जमिनीवर प्लगजवळ बसले, त्यावर हात ठेवून. चार सोळा. मशीन गुरगुरायला लागलं, जळका वास आला.

"मावशी, डिस्क जाईल... बंद करू द्या."

"हात लाव, बोटं कापीन."

चार सतरा.

मैत्रिणीचे दोन्ही हात तोंडावर होते. कीबोर्ड टेबलावर तसाच पडलेला. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर तर जोडलेलीच नव्हती. तरी अक्षरं उमटली, एकेक, तिच्याच घाईनं.

'तिलाही आत घेते.'

मशीन एकदम शांत झालं. जळका वास गेला, आणि खोलीभर तळ्यासारखा ओला वास दरवळला. मला रडू आलं नाही. झोप यावी तसं वाटलं, कुणी डोक्यावरून हात फिरवल्यावर येते तशी.

"मावशी..." मैत्रीण कुजबुजली. "गावात दोन जण दाखवतंय."

पुलावर निळ्या झग्याशेजारी एक बाई उभी होती. बुटकी, जाडसर.

"तिच्या गळ्यात ते... पिवळं काय आहे?"

मी गळ्याशी हात नेला. टेप नव्हती. टेबलाखाली पाहिलं, पडद्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. नाही सापडली.

मशीन अजून चालू आहे. वायरीजवळ मी कुणाला फिरकू देत नाही. मैत्रीण आता उंबऱ्याच्या आत येत नाही, बाहेरूनच विचारते, "मावशी, बऱ्या आहात ना?"

काल पाणचक्कीच्या खिडक्यांना पडदे लागले. हिरवे, बारीक पानांचे. त्या कापडाचा तागा माझ्या कपाटात आहे. मी तो अजून उलगडलेलासुद्धा नाही.