भरल्या पोटाची उपाशी मुलगी

"उर्जे, तू उपाशी आहेस!" स्वराली जिन्यावरूनच ओरडली.

"ही? आत्ताच तीन थालीपिठं हाणलीत हिनं!" मल्हार म्हणाला.

"अरे, तसं लिहिलंय! लायब्ररीत! चला आधी!"

ईस्टरच्या सुट्टीचा दुसराच दिवस. उर्जा आणि मल्हार सख्खी भावंडं, स्वराली खालच्या मजल्यावरची. तिघांनी सायकली काढल्या आणि जर्मनीतल्या आखन शहराचे चढ चढत लायब्ररी गाठली.

तिथल्या भिंतीवर मुलांचे कृष्णधवल फोटो लावले होते. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन. मधोमध दाराएवढी मोठी उर्जा! केस पिंजारलेले, गालांवर काळे डाग, डोळ्यांत पाणी. खाली पाटी : 'उपाशी मुलगी, भारत.'

"हा तर आपल्या रंगपंचमीचा!" मल्हार ओरडला. "हा बघ मागे इथल्याच विद्यार्थी होस्टेलचा सायकल स्टँड! तो दाढीवाला फोटो काढत हिंडत नव्हता का?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" स्वराली म्हणाली. "गुलाल, हिरवा, सगळाच काळा दिसतोय!"

"आणि डोळ्यांत रंग कुणी घातला होता?" उर्जानं भावाकडे रागानं पाहिलं.

टेबलाशी बसलेल्या बाईंना तिनं विचारलं, "ही मुलगी कोण?"

"आल्झो, असं बघ, हे फोटो काढणारे हेर केसलर भारत फिरून आलेत. त्यांना ठाऊक असेल. बिचारी पोर!" बाई म्हणाल्या. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत.

बिचारी पोर समोर उभी होती, पण बाईंना दिसेल तर शपथ! मोठ्या माणसांना डोळे असतात, ते फक्त चष्मा लावायला.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे गं. परक्या देशात वाद कशाला? फोटो छान आलाय म्हणतेस ना?"

छान! लेकीच्या तोंडाला काळं फासलं तरी बापाला वाद नको!

"सुट्टीनंतर अख्खी शाळा ते बघायला जाणार आहे," उर्जा म्हणाली. "मग मी जन्मभर उपाशी मुलगी! मी नाही गप्प बसणार!"

मल्हारनं हळूच बाबांचा डिजिटल कॅमेरा उचलला. "यात कृष्णधवलचं बटण आहे. आणि उरलेला रंग कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत दाढीवाल्या केसलरांचं भाषण रंगात आलं होतं. बाबाही मागच्या रांगेत बसले होते. इतक्यात दार उघडलं आणि डोक्यापासून पायापर्यंत रंगलेली तीन पोरं आत शिरली. टेबलाशी बसलेल्या बाई किंचाळल्याच!

"हेर केसलर, आमचा एक फोटो काढता?" उर्जानं कॅमेरा पुढे केला.

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी फोटो काढला. मल्हारनं कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांना दाखवला. तीन मळकट, काळवंडलेले चेहरे!

"अरेरे, किती उपाशी पोरं!" स्वराली म्हणाली.

मल्हारनं बटण फिरवलं. "आता परत काढा."

या वेळी गुलाबी, हिरवे, पिवळे चेहरे दात काढून हसत होते.

"बघा! एका बटणात आमची पोटं भरली!" उर्जा म्हणाली.

केसलरांनी भिंतीकडे पाहिलं, मग उर्जाकडे. "चूक झाली... आखनचं रीळ भारतातल्या रिळांत मिसळलं."

"असेल," उर्जा म्हणाली. तिनं शेजारच्या फोटोकडे बोट केलं. "हिचं नाव काय?"

"माहीत नाही."

"विचारलं होतं?"

"नाही."

"मग ही उपाशी आहे, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

केसलर पुढे झाले आणि त्यांनी एकेक पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. मग हळूच विचारलं, "तुझा फोटोही काढून टाकू?"

"नको. पण पाटी मी सांगते ती लिहा."

त्यांनी लिहिलं : 'उर्जा, वय अकरा, राहणार आखन. डोळ्यांत रंग गेलाय.'

सगळ्यांत आधी बाबांनीच टाळ्या वाजवल्या. "चुकलं माझं, बाळा. हे मी करायला हवं होतं."

"शाबास गं माझ्या वाघिणींनो! आणि वाघा, तूही!" बाबांशेजारी बसलेल्या स्वरालीच्या आई, सुनेत्राकाकू, म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "पण एवढी रंगलेली फरशी पुसणार कोण?"

"ज्यांनी नावं विचारली नाहीत ते!" उर्जा म्हणाली.

आणि केसलर बादली आणायला गेले.