कुलपातला आवाज

विरागचा पट्टा मोडला नव्हता. तो पाण्यात पडला नव्हता, त्याची बॅटरी भरलेली होती आणि कडेचा हिरवा दिवा नेहमीसारखा लागत होता. तरीही त्या सकाळी त्यातून एक शब्द बाहेर पडेना. निर्झराने पट्टा काढला, मऊ फडक्याने पुसला आणि भावाच्या गळ्याभोवती पुन्हा नीट बसवला. विरागने बोलायचा प्रयत्न केला. त्याच्या घशाजवळची कातडी थरथरली, मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. पट्टा गप्पच.

विराग निर्झराचा धाकटा भाऊ. त्याच्या मेंदूतून निघालेले हुकूम स्नायूंपर्यंत पोचता पोचता विस्कटत, म्हणून तो बटणावर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसायचा आणि त्याला जीभ-ओठ हवे तसे वळवता येत नसत. पण बोलायचं मनात आलं की त्याच्या घशाचे स्नायू किंचित हलायचे. तेवढं स्वरपट्ट्याला (स्नायूंमधली सूक्ष्म वीज टिपून तिचे शब्द करणारं यंत्र) पुरायचं. विराग मनात ‘भूक’ म्हणाला की पट्टा मोठ्याने ‘भूक’ म्हणायचा. सांगलीतल्या त्यांच्या शाळेत आता अशी यंत्रं घातलेली बरीच मुलं होती आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

आई रुग्णालयात कामावर गेली होती. निर्झरा पट्टा घेऊन अण्णांच्या खोलीत गेली.

अण्णा म्हणजे तिचे आजोबा. भूकंप मोजणारी यंत्रं बनवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर त्यांचा एकच नाद होता, लिनक्स (संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली). लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप आणायचे, त्यांत लिनक्स घालायचं आणि त्यांना पुन्हा कामाला लावायचं. टाकीची मोटर, गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी, दाराची घंटा असं सगळं घरातल्या त्या जुन्या यंत्रांवर चालायचं. कधी कधी काहीतरी बिनसायचं आणि घंटा वाजवली की मोटर सुरू व्हायची. मग अण्णा चष्मा कपाळावर चढवून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत बसायचे आणि आई म्हणायची, “आंघोळीपुरतं तरी पाणी सोडा, मग काय ते प्रयोग करा.”

अण्णांनी पट्टा संगणकाला जोडला आणि त्यातून बाहेर जाणारे संदेश पडद्यावर दिसतील अशी आज्ञा दिली. एक ओळ उमटली. थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा उमटली, मग आणखी एकदा.

“हे काय म्हणतंय?” निर्झराने विचारलं.

“रोज सकाळी हा पट्टा कंपनीच्या सर्व्हरला (दूर कुठेतरी ठेवलेला, सगळ्यांना उत्तरं देणारा मोठा संगणक) विचारतो, मी आज बोलू का? तिकडून ‘बोल’ असं उत्तर आलं की हा बोलायला लागतो. आज तिकडून कुणी बोलतच नाही.” अण्णांनी बातम्या उघडून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. “कंपनी बुडाली, बाळा. सर्व्हर बंद केलेत. सगळ्यांचेच पट्टे गप्प झाले असणार.”

“पण आवाज तर विरागचा आहे. त्यानं दुसऱ्याला का विचारायचं?”

अण्णांनी टेबलावरची भडंगाची पिशवी पुढे ओढली.

“हा भडंग दुकानातला. खाता येतो. पण लसूण कधी टाकला, तेल किती तापवलं, हे पिशवी बघून कळत नाही. उद्या दुकान बंद झालं तर हा भडंगही गेला. आपल्या घरच्या भडंगाची कृती मात्र आपल्याला ठाऊक आहे. तिखट कमी करता येतं, शेजारच्यांना शिकवता येतं. संगणकाच्या प्रोग्रामचंही तसंच असतं. माणसं आधी वाचता येईल अशा भाषेत लिहितात, तिला मूळ संहिता म्हणतात. ती झाली कृती. मग तिचं यंत्राला कळेल अशा आकड्यांत रूपांतर करतात. तो झाला तयार भडंग. कंपनीनं आपल्याला नुसता भडंग दिला होता.”

“आणि तुमचं लिनक्स?”

“त्याची कृती सगळ्यांसमोर उघडी आहे. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच, की बदललेला पदार्थ वाटलास तर बदललेली कृतीही सोबत द्यायची. म्हणून ते कुण्या एकाच्या मर्जीवर बंद पडत नाही.”

“मग पट्ट्यात लिनक्सच घालू या की.”

अण्णा हसले नाहीत. “घालता येईल बहुतेक,” ते म्हणाले.

पुढचे अनेक दिवस दोघं त्याच कामाला लागले. अण्णांच्या बोटांना हल्ली कंप असायचा, म्हणून टाइप निर्झरा करायची. कर्नल (यंत्राच्या गाभ्यात बसून प्रत्येक प्रोग्रामला त्याचं काम आणि त्याची जागा वाटून देणारा मुख्य प्रोग्राम) म्हणजे काय, ते तिला कळलं. ड्रायव्हर (एखाद्या भागाशी बोलायचं कसं, हे कर्नलला शिकवणारा छोटा प्रोग्राम) मिळाला नाही तर चांगला स्पीकरही मुका राहतो, हे कळलं. स्पीकरचा ड्रायव्हर कोरियातल्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेला सापडला. तो आधी चालेना. टाइप करताना दोन अक्षरांमध्ये भलतीच मोकळी जागा पडल्यामुळे सबंध दुपार वाया गेली. पण शेवटी सगळं तयार झालं. फक्त पट्ट्यात घालायचं उरलं.

आणि तिथेच अण्णा थांबले. त्यांनी विरागची खुर्ची टेबलाजवळ आणली आणि त्याच्यासमोर बसले.

“विराग, नीट ऐक. तुझ्या घशाची कुठली हालचाल म्हणजे कुठला शब्द, हे पट्टा इतकी वर्षं शिकला, ते सगळं त्याच्या आतच आहे. पण कुलपात आहे. कुलूप म्हणजे गणित. माहितीची अक्षरं अशी उलटीपालटी करून ठेवायची, की किल्ली असलेल्यालाच ती पुन्हा लावता यावीत. किल्ली म्हणजे एक भलामोठा आकडा. तो रोज सकाळी सर्व्हरकडून यायचा आणि रात्री पट्टा तो विसरायचा. आता सर्व्हर पुसलेत. किल्ली कुठेच नाही.”

“अंदाजानं शोधू,” निर्झरा म्हणाली. “तुमचे सगळे संगणक लावू.”

“जगातले सगळे लावलेस तरी सूर्य विझेपर्यंत पुरणार नाहीत. इतका मोठा आकडा असतो तो.”

“मग कुलूपबंद माहितीची नक्कल काढून ठेवू. पुढे कधी किल्ली सापडली तर?”

“पट्टा ती बाहेर वाचूच देत नाही. मी सगळं करून पाहिलं. नवी प्रणाली घ्यायला तो तयार होतो, पण आधी आतलं सगळं पुसून टाकतो. तशीच त्याची रचना आहे.”

तिघांनाही ठाऊक होतं, त्या पट्ट्यात नुसते शब्द नव्हते. पट्टा आणला तेव्हा घरातल्या कुणीतरी खूप वाचून दाखवायचं आणि त्या आवाजातून मुलाचा आवाज घडवायचा, अशी पद्धत होती. ते वाचन आज्जीने केलं होतं. रोज दुपारी ती विरागजवळ बसायची. म्हणून विरागचा आवाज लहान मुलाचा असला तरी वाक्याच्या शेवटी तो आज्जीसारखा वर उचलायचा, ‘की’ आणि ‘बघ’ तिच्यासारखं म्हणायचा. आज्जी गेली, पण विराग बोलायला लागला की स्वयंपाकघरातून आई चटकन वळून बघायची.

“आज्जीचे व्हिडिओ आहेत ना?” निर्झराने विचारलं.

“लग्नातले चार. मागे वाजंत्री. तेवढ्यावर आवाज घडत नाही.” अण्णा म्हणाले. “आणि व्हिडिओत ती तिच्या मनातलं बोलते. पट्ट्यात ती याच्या मनातलं बोलायची.”

मग ते विरागला म्हणाले, “पुसायचं की ठेवायचं, हे मी ठरवणार नाही. निर्झरा नाही, आईसुद्धा नाही. ठेवलं तर पट्टा गप्प राहील, पण ती आत आहे एवढं राहील. पुसलं तर तुला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि आवाज दुसरा असेल. घाई नाही.”

विराग ‘हो’ म्हणायला वर छताकडे बघायचा आणि ‘नाही’ म्हणायला दाराकडे. त्या दिवशी त्याने कुठेच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत त्याच्या पोटात दुखत होतं आणि ते कुणाला कळलं नाही. बाईंना वाटलं, त्याला उकडतंय. घरी येईपर्यंत तो रडून रडून दमला होता. संध्याकाळी तो अण्णांच्या टेबलासमोर आला आणि त्याने वर छताकडे बघितलं. अण्णांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा वर बघितलं आणि डोळे मिटले.

निर्झराने आज्ञा टाइप केली.

“दोनदा वाच,” अण्णा म्हणाले. “लिनक्स बहुतेक वेळा ‘नक्की का?’ असं विचारत नाही. ते आपल्यावर विश्वास ठेवतं.”

तिने दोनदा वाचली. मग एंटर दाबलं. पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही आणि मग नवी ओळ आली, पुढच्या आज्ञेची वाट बघत. पुसलं गेलं होतं. एवढं मोठं काही घडलं, पण त्याचा जराही आवाज झाला नाही. अण्णा उठले आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना हाताने पाणी घालू लागले. ते काम यंत्राने सकाळीच केलेलं होतं.

नवा आवाज अनोळखी माणसांनी सर्वांसाठी दान केलेल्या आवाजांतून जुळवलेला होता. तो कोरडा होता, सपाट होता. विरागला तो मुळीच आवडला नाही. त्याने आधी पट्टा घालूच दिला नाही, मान आखडून धरली. मग निर्झरा त्याच्याजवळ बसू लागली. ती ‘पाणी’ म्हणायची, विराग मनात ‘पाणी’ म्हणायचा, पट्टा घशाची हालचाल टिपायचा. पुन्हा ‘पाणी’, पुन्हा ‘पाणी’. पट्टा एकाच नमुन्यावरून शिकत नाही. पुष्कळ नमुन्यांतून त्यांच्यातलं सारखेपण शोधतो. विराग चिडायचा, ती चिडायची, आई दोघांना दूध देऊन गप्प करायची. एके दिवशी पट्टा आपणहून ‘पाणी’ म्हणाला, आणि आईने ओट्यावरचं सगळं सोडून पाणी आणून दिलं.

शिकलेले शब्द निर्झरा दर रविवारी दुसऱ्या दोन संगणकांवर उतरवून ठेवायची. कुलूप होतंच, पण किल्ली आता घरात होती.

आवाजात एक खोट मात्र होती. त्याला ‘ळ’ म्हणता येत नसे. आवाज दान करणाऱ्यांच्या भाषेत तो नव्हताच. विराग ‘जवळ ये’ म्हणायला गेला की पट्टा ‘जवल ये’ म्हणायचा. वर्गातली मुलं हसायची. अण्णांना ते दुरुस्त करता येईना. शेवटी त्यांनी आपलं सगळं काम, चुकांसकट, सामायिक भांडारात (जगभरचे लोक आपली संहिता जिथे उघडी ठेवतात ती जागा) ठेवून दिलं आणि खाली लिहिलं, ‘ळ येत नाही. कुणाला जमलं तर करावं.’

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग चंद्रपूरहून शमशाद शेख नावाच्या बाईंनी बदललेली संहिता पाठवली. त्यांच्या वडिलांचं बोलणं पक्षाघाताने गेलं होतं, आणि अण्णांची संहिता वापरून त्यांनी वडिलांचा पट्टा सुरू केला होता. ‘अब्बांना गुळाचा चहा मागता येत नव्हता,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पट्टा गुलाचा म्हणायचा. मी माझ्या आवाजात ‘ळ’चे शब्द भरले आहेत. तुमच्याकडेही चालतील.’

निर्झराने नवी संहिता पट्ट्यात भरली. विराग कितीतरी वेळ नुसता ‘बाळ, गूळ, जवळ’ म्हणत बसला. अण्णा चष्मा पुसत होते.

“अण्णा,” पट्टा म्हणाला. “आज्जीचा आवाज. कुठे गेला?”

अण्णांनी खोटं सांगितलं नाही. “गेला, विराग. तो परत येणार नाही. किल्ली आपल्या हातात नव्हती, तिथेच आपण चुकलो. यापुढे ती आपल्याकडेच राहील, एवढं मला करता येतं.”

विराग गप्प झाला. निर्झराला वाटलं, पट्टा पुन्हा बंद पडला. पण हिरवा दिवा चालू होता. तो स्वतःच गप्प होता. खूप वेळाने पट्टा म्हणाला, “कळलं.”

काही दिवसांनी भांडारात उदगीरच्या एका आईचा संदेश आला आणि निर्झराने तो मोठ्याने वाचून दाखवला. तिच्या मुलीचा पट्टाही कंपनी बुडाली त्या दिवसापासून मुका होता. त्यात मुलीच्या गेलेल्या वडिलांचा आवाज होता. न पुसता काही करता येईल का, असं तिने विचारलं होतं. तिने तेच दोनदा लिहिलं होतं.

अण्णा उत्तर लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. “तिला ‘नाही’ कसं सांगू?” ते निर्झराला म्हणाले.

विरागची खुर्ची दाराशी होती. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला, टेबलाला खुर्ची टेकेपर्यंत पुढे आला.

“मी सांगतो,” पट्टा म्हणाला. “लिही.”

निर्झराने अण्णांचं लिहिलेलं पुसलं आणि बोटं कळांवर ठेवली. विराग एकेक शब्द जुळवत होता. मध्ये थांबत होता, आणि तिने त्याला घाई केली नाही.

“मुलीला विचारा. ती हो म्हणाली तर पुसा. खूप रडू येतं. मग शिकवा. रोज थोडं. आधी पाणी शिकवा.” त्याने पडद्यावरच्या ओळींकडे बघितलं. “ती बोलायला लागली की मला सांगा. मला तिच्याशी बोलायचंय.”