चौथ्या टांकसाळीचं नाणं

नाणं कधी धुऊ नये. नाणी जमवणाऱ्यांचा हा पहिला नियम, आणि आमच्या घरात तो दर दिवाळीला मोडतो. सासूबाई चिंचेचा कोळ काढून बसतात, प्रत्येक मुलाच्या नावाचं चांदीचं नाणं घासतात आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडतात. मी तेवढा वेळ दुसरीकडे बघते.

ओहायोतल्या या डब्लिनमध्ये आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती. मग लायब्ररीतून पुस्तकं आणून नाणी शिकले. "बाकीच्यांच्या बायका योगा शिकल्या," असं माझा नवरा गुरुनाथ अजून लोकांना सांगतो. माझ्याकडे प्रत्येक नाण्याला एक कागदी पाकीट आहे. वर लिहिलेलं असतं, नाणं कुठून आलं, वजन किती, आणि माझ्यामागे कुणाला द्यायचं. माझा भरवसा कागदावर, डोक्यावर नाही. मुलं दोन: अनया स्टेट कॉलेजला शिकते, निमिष अजून शाळेत आहे.

ऑक्टोबरात दोन गल्ल्या पलीकडचे एक आजोबा गेले. त्यांची मुलगी, कॅरल, घरातलं सामान विकत होती. गराजमधल्या टेबलावर मला तो आल्बम दिसला. १९३०च्या दशकातली, स्मरणार्थ काढलेली अर्ध्या डॉलरची नाणी. त्या काळी एकच नाणं फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन टांकसाळींतून काढायचे. फरक फक्त एका बारक्या अक्षराचा, पण जमवणारा बिचारा तिन्ही घ्यायचा, कंटाळेपर्यंत. म्हणून अशा आल्बममध्ये एका ओळीत तीन भोकं असतात.

यात चार होती.

मला हसूच आलं. चौथी टांकसाळ असती तर लोक आणखी लवकर कंटाळले असते, असं आमच्या नाण्यांच्या क्लबात आम्ही नेहमी म्हणतो. इथे कुणीतरी ती काढूनच ठेवली होती. आल्बम विकत घेतला. खोटी असणार, म्हणून घरी येऊन चौथ्या भोकातलं एक तोललं. साडेबारा ग्रॅम, बरोब्बर. नदीकाठच्या एका गावाच्या शताब्दीचं नाणं. नवरा, बायको, मागे बैलगाडी. चौथ्या नाण्यावरचं टांकसाळीचं अक्षर मात्र वाचता येईना. भिंगाखाली बाजूचं सगळं स्वच्छ, तेवढंच धूसर.

मग शेजारची तीन पाहिली. त्या तिन्हींवर बाईने एका मुलीचा हात धरलेला होता.

चौथ्यावर मुलगी नव्हती. खरवडल्याची खूण नाही, काही नाही. बाईचा हात तसाच वाकलेला, बोटं मिटलेली.

मी कॅरलला फोन केला. "तो शेवटचा कॉलम बाबांचा," ती म्हणाली. "जेवताना ते एक प्लेट जास्त मांडायचे. कुणाची विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही." जरा थांबून ती म्हणाली, "मी एकुलती एक आहे. असं सगळे म्हणतात."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी लक्षात आलं की अनया आपलं नाणं हॉस्टेलवर घेऊन गेली आहे. ती संध्याकाळी मैत्रिणीच्या गाडीतून येणार होती, पण सासूबाई कोळ काढून बसल्या होत्या. आल्बम समोरच होता. तीन नाण्यांचा सेट फोडायला माझा हात धजेना. चौथं तसं जास्तीचंच. ते काढलं, पाकिटावर अनयाचं नाव घातलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"अगं, ही बाई कुणाला धरून चाललीय?"

"घासा तुम्ही, आई."

निमिषचं नाणं लगेच लखलखलं. हे घासून घासून फक्त गार झालं. इतकं, की सासूबाईंनी बोटं पदरात धरली.

पाच वाजता अनयाचा मेसेज आला होता: दीड तासात पोचते. सात वाजले तरी गाडीचा आवाज नाही. फोन लागेना.

गुरुनाथ चकल्यांच्या डब्याशी उभा होता. "अनया कुठवर आली बघ ना," मी म्हटलं.

"कोण आली?" तो तोंड भरलेलंच ठेवून म्हणाला.

निमिष टेबलावर ताटं मांडत होता. चार.

"एक कमी आहे रे."

"नोप. वुई आर फोर, आई."

"थट्टा पुरे."

त्याने हेडफोन काढला. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मी पाचचा मेसेज शोधला.

फोनवर खाली गेले, वर गेले. नव्हता.

कपाटातून पाचवं ताट मीच काढलं. हातात धरून उभी राहिले.

"ये गं, पूजा खोळंबलीय," सासूबाईंनी हाक मारली. पाटावर दोन नाणी होती. "एक निमिषचं. हे दुसरं कुणाचं?"

मी तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

पाकीट उचललं. माझंच अक्षर होतं. चष्मा लावून वाचून दाखवलं, "अनया."

"छान नाव आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नाण्याला कुंकू लावलं.