बाबांची दुसरी रेकॉर्ड

कुणाला पटावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण हे घडलं आहे. सेनगावला, आमच्या घरात, बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी.

माझे बाबा, धम्मानंद, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इटलीतल्या एका संगीतकाराच्या दोन रेकॉर्ड त्यांनी जिवापाड जपल्या होत्या.

पहिली त्याच्या तरुणपणीची. किंकाळ्या, पत्र्यावरचे घाव, गर्दीचा कालवा.

दुसरी उतारवयातली. एखादा बारीक सूर... मग लांबच लांब शांतता.

पहिली लागली की भिंतीपलीकडून अमृतकाका, बाबांचे धाकटे भाऊ, विचारायचे, "दादा, म्हैस अडली का काय?"

पुढे विहिरीच्या वाटणीवरून दोघांत अबोला आला. टोमणेही थांबले.

बाबा भरदुपारी गेले. छातीत कळ आली, घरात एकटेच होते.

काका येईल त्याला सांगत होते, "आवाज आला व्हता. मला वाटलं, रेकॉर्ड वाजून राहिली. रोजचंच ते."

सगळ्यांना पटलं. मलाही.

पुण्यानुमोदनाच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी प्लेअरचं झाकण उघडलं.

आत दुसरी रेकॉर्ड होती.

पहिली तर दिवाळीपासून नांदेडला, माझ्या घरी होती.

मी काकांना बोलावून खुर्ची दिली.

"त्या दुपारी हीच लागली होती, काका. ऐका."

एक सूर... मग काहीच नाही.

"आता काहून लावली, पोरी?"

तेवढ्यात लाईट गेली.

रेकॉर्ड फिरायची थांबली. ती थांबताना मी पाहिली.

सुईची खरखर मात्र थांबली नाही...

आणि त्या खरखरीच्या तळातून...

"अमृता... ये रे..."

बाबांचा आवाज.

काका भिंतीला टेकले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"दादा, आयकलं व्हतं म्या. अबोला व्हता ना आपला. म्हणलं, आणखी एकदा हाक मारशील, मंग येतो."

खरखर थांबली.

मग पुन्हा, अगदी जवळून...

"अमृता..."

आता दोन्ही रेकॉर्ड नांदेडला आहेत, कपाटात. प्लेअर सेनगावलाच आहे, वायर काढलेला.

तरी दिवेलागणीला काकांचा फोन येतो. "बंद कर, पोरी. किती हाका मारून राहिला तो."

पद्माकाकू मागून रडत म्हणते, "फोडून टाक ती एकदाची."

फोन ठेवला की कपाटाच्या दारातून बारीक खरखर येते... मी जवळ जाऊन उभी राहते. हात कडीपर्यंत जातो.

रेकॉर्ड मी अजून फोडलेली नाही.