बंद थिएटरातली घंटा

"माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढंच मला सांगा. सोमवारच्या आत."

बावधनच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात आशालता निजसुरे खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. कोळवणहून एसटीनं एकट्या आल्या होत्या आणि निघताना घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि पुन्हा सोडायच्या.

ज्ञानदा दातीरकडे लोक चोऱ्या, फसवणुकी आणि परागंदा जावई घेऊन येत. स्वतःचं डोकं तपासून घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं. तिचे सहकारी बंडोपंत यांनी तर चहाचा कप हातातच धरून ठेवला. बंडोपंत पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडी चालवणं आणि माणसांना बोलतं करणं ही त्यांची कामं. निष्कर्ष काढणं हे त्यांचं काम नव्हतं, पण ते नेहमी सर्वांत आधी काढत.

आशालताबाईंनी सांगितलं ते असं. त्यांचे यजमान शरदचंद्र गेल्या पावसाळ्यात वारले. इंजिनियर माणूस, निवृत्तीनंतर कोळवणला घर बांधून राहिला. नाद एकच, अमेरिकन काऊबॉयचे जुने पिक्चर. त्यासाठी घरात छोटं थिएटरच केलं होतं. त्यातही दोन भावांच्या वैराचा एक पिक्चर जिवापाड आवडता. बाईंना ती ठो-ठो कधी आवडली नाही, पण स्वयंपाकघरात ऐकून ऐकून तो पिक्चर पाठ झाला होता. पुढची गोळी कधी सुटणार हे त्यांना भाजी चिरताना कळायचं.

आणि गेला महिनाभर तो पिक्चर कुलपाआडच्या थिएटरात आपोआप सुरू होत होता. तोही दुपारच्या भारनियमनात, घरातला पंखासुद्धा बंद असताना.

"आधी टिटवीसारखं पीं, पीं होतं. मग घोडे, मग गोळ्या. आणि मग चर्चची घंटा वाजते, बायका रडत काहीतरी गातात." बाईंनी पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "ही घंटा त्या पिक्चरमध्ये नाहीच मुळी."

ज्ञानदानं विचारलं, हे आणखी कुणी ऐकलं का. इथेच तर सगळं अडलं होतं. घरकाम करणारी पारू स्वयंपाकघरातच असते, ती म्हणते काही ऐकलं नाही. मुलगा मनीष हिंजवडीत नोकरीला, दर शनिवारी येतो. एकदा तो समोर चहा पीत असताना घंटा सुरू झाली. बाईंनी त्याचा हात धरला. तो म्हणाला, कसली घंटा, आई? लाइट आल्यावर त्यानं वडिलांची डिस्क लावून अख्खा पिक्चर दाखवला. गोळ्या संपल्या की थेट पुढचा घोड्यांचा प्रसंग. घंटा कुठेच नव्हती.

"मी रडले नाही हो. मला नुसती थंडी भरली. आता सोमवारी मनीष मला पुण्यात वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार. तिथून त्याच्या फ्लॅटवर. घराला कुलूप. जावं लागलं तर जाईन, पण वेड लागलेल्याला आपल्याला वेड लागलंय हे कळतं का, हे मला कुणीतरी सांगा."

ज्ञानदानं त्यांना ती घंटा टेबलावर वाजवून दाखवायला सांगितलं. बाईंनी बोटानं ठोका दिला, बराच वेळ थांबल्या, दुसरा दिला. इकडचं तिकडचं बोलून ज्ञानदानं पुन्हा वाजवायला लावलं. तोच ठोका आणि तेवढीच उसंत.

बाईंना गाडीत बसवून देऊन बंडोपंत परत आले आणि हळहळले. "एकटेपणानं भ्रम झालाय बिचारीला."

"बघू या," ज्ञानदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी दोघं कोळवणला पोचले. जुने पिक्चर विकत घेणारी माणसं, अशी बतावणी ठरली होती. भातं निघून गेली होती, खाचरं उघडी पडली होती आणि घराभोवती चिटपाखरू नव्हतं. एकट्या बाईनं इथं दुपार कशी काढावी, असा विचार बंडोपंतांच्या मनात आला आणि त्यांनी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

थिएटरच्या उंबऱ्यावर अंगाऱ्याची रेघ होती आणि कोपऱ्यात ताजं लिंबू ठेवलेलं होतं. बाईंना विचारलं, तर त्यांनी ते आजच पाहिलं.

आत दहाएक खुर्च्या, भिंतभर पडदा. पडद्यामागं मोठे स्पीकर आणि अडगळ. जुन्या टेपांचे खोके, मनीषचा जुना कॉम्प्युटर सगळ्या लवाजम्यासकट चादरीखाली झाकलेला. बंडोपंतांना टेपांच्या धुळीनं सटासट शिंका आल्या. चादरीवर मात्र धूळ नव्हती.

ज्ञानदानं आधी शरदचंद्रांची ती डिस्क लावायला सांगितली. चित्र चौकोनी, जुन्या टीव्हीला मापून कापलेलं, पडद्याच्या दोन्ही बाजू काळ्या. रंग विटून पिवळे पडलेले. सुरुवातीलाच गावचा चौक, कडेला विहिरीचा अर्धाच कठडा दिसत होता आणि उरलेला अर्धा चित्राबाहेर गेला होता. धाकटा भाऊ चौकात येतो, कुठूनतरी गोळी सुटते आणि त्याची टोपी उडते.

"गोळी मारली कुणी?" बंडोपंतांनी कुरकुर केली. "माणूस दाखवायला नको?"

तेवढ्यात लाइट गेली. प्रोजेक्टर विझला. आशालताबाई घाईनं बाहेर पडल्या, त्यांनी थिएटरला कुलूप लावलं आणि तिघंही स्वयंपाकघरात येऊन बसले. पारू तांदूळ निवडत होती.

तिघं जेमतेम टेकले. मग घराच्या आतल्या अंगाला बारीक आवाज आला. पीं. पीं.

बंडोपंतांनी खुर्ची ज्ञानदाजवळ ओढली. घोडे आले. गोळ्या सुटल्या, आणि कपाटातली भांडी थरथरली. मग सगळं शांत झालं आणि एक घंटा वाजली. बाईंनी टेबलावर दाखवली होती तेवढीच उसंत. पुन्हा एक. आणि दूरवर बायकांचं रडतं गाणं. पारूनं सुपावरची मान वर केली नाही, पण तिच्या हातातले तांदूळ खाली सांडत होते.

"मला ऐकू येतंय, काकू," ज्ञानदा मोठ्यानं म्हणाली. "सगळं ऐकू येतंय."

आशालताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुटकेचा भाव तोंडावर आला आणि तिथेच गोठला. "म्हणजे... ते आलेत?"

ज्ञानदा किल्ली घेऊन धावली. कुलूप निघता निघेना. दार उघडलं तेव्हा आत अंधार आणि शांतता होती. प्रोजेक्टर केव्हाच निवाला होता. बंडोपंत उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले, अंगाऱ्याची रेघ ओलांडायचं धाडस त्यांना झालं नाही. ज्ञानदा पडद्यामागं गेली, चादरीखाली हात घालून थोडा वेळ उभी राहिली आणि चादर पुन्हा नीट ओढून बाहेर आली.

पारूला तिनं मागच्या दारी गाठलं. पारू म्हणाली, मला न्हाई ऐकाया आलं काही. लिंबू कुणी ठेवलं विचारल्यावर ती घाबरीघुबरी झाली.

"ताई, मेल्या मान्साची हाक आली ना, तर ऐकली म्हनायचं न्हाई. म्हनलं की त्यो मागं लागतुया. माझी दोन लेकरं हायेत. म्या न्हाई ऐकलं."

तिचा नवरा गेणबा राखणीला. लाइट नसली की पाण्याची मोटार बंद, म्हणून तो त्या वेळी जेवायला वाडीवर जातो. त्याचं म्हणणं साधं होतं. "लाईट न्हाई तर वाजंल कशानं? म्या सोता बटनं बघितली. बंद हायेत."

शेजारच्या फार्महाउसचा मालक शैलेश भिंताडे हा बंडोपंतांच्या मते सरळसरळ गुन्हेगार होता. त्याला रिसॉर्ट काढायचं होतं, निजसुऱ्यांची जागा दोनदा मागून झाली होती, आणि त्याच्या दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही आणि ब्लू-रेचा प्लेयर होता. त्यानं कौतुकानं सगळं दाखवलं. काऊबॉयचे पिक्चर आता एकामागून एक ब्लू-रेच्या नव्या डिस्कवर निघतायत, माणसाच्या दाढीचा केस न् केस दिसतो, म्हणाला. दोन भावांचा पिक्चरही त्यानं शोधला होता, पण तो इकडे मिळत नाही, अमेरिकेतूनच आणावा लागतो. जुना कधी पाहिला होता का, ज्ञानदानं विचारलं. एकदा निजसुरेकाकांकडे, पण मध्येच झोप लागली.

"खोटं बोलतोय," परतताना बंडोपंत म्हणाले. ज्ञानदा पुण्यातल्या एका डिस्कवाल्याशी फोनवर बोलण्यात गुंतली होती.

शनिवारी मनीष आला. चांगला मुलगा वाटला. आल्या आल्या आईची औषधं पाहिली, दारांच्या कड्या ओढून पाहिल्या. पिक्चर विकत घेणाऱ्या पाहुण्यांशी आधी तुटक बोलला, पण वडिलांच्या आवडत्या पिक्चरचा विषय निघताच खुलला. दिवाळीत कंपनीच्या कामानं अमेरिकेला जाऊन आलो, तिथंही त्या माळरानांतून गाडी हाकताना बाबाच आठवत होते, म्हणाला.

"बाबांच्या डिस्कखेरीज दुसरी प्रत पाहिलीत कधी?" ज्ञानदानं विचारलं.

"नाही. एकच आहे आमच्याकडे. पण सुरुवात काय आहे त्याची! विहिरीमागं तो म्हातारा बंदूक मांडीवर घेऊन बसलेला असतो. सगळ्यांचं लक्ष धाकट्या भावाकडे, आणि पहिली गोळी झाडतो म्हातारा."

बंडोपंतांनी समाधानानं मान डोलावली. कालपासून अडलेली शंका फिटली होती.

ज्ञानदानं मात्र गेणबाला पाठवून शैलेशला बोलावून घेतलं. सगळे ओसरीवर जमले. पारू खांबाआड उभी राहिली.

"मी डिटेक्टिव्ह आहे आणि काकूंनी मला बोलावलंय," ज्ञानदानं सुरुवात केली. मनीषनं आईकडे पाहिलं. "काकूंचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. आवाज खरा आहे. काल आम्ही ऐकला आणि पारूनंही ऐकला. ऐकलाच नसता तर उंबऱ्यावर लिंबू आणि अंगारा कशाला? मेल्या माणसाची हाक ऐकली म्हणायचं नाही, म्हणून ती नाही म्हणाली. तिच्या भीतीनं काकू वेड्या ठरल्या."

"लाइट नसताना आवाज आला कसा?" शैलेशनं विचारलं.

"बंडोकाका, तुमच्या पोस्टात लाइट गेली की टेबलाखाली काय ओरडायचं?"

बंडोपंतांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, पण पडला. "यूपीएस! पीं, पीं करत राहायचं."

"तीच काकूंची टिटवी. पडद्यामागच्या जुन्या कॉम्प्युटरखाली यूपीएस आहे, लाइट गेली तरी थोडा वेळ चालणारी बॅटरी, आणि स्पीकरही तिलाच जोडलेत. काल दार उघडलं तेव्हा कॉम्प्युटर बंद झाला होता, पण चादरीखाली गरम होता. टेपांवर धूळ आणि चादर स्वच्छ. भारनियमनाच्या वेळा पेपरात येतात. त्या वेळी आवाज सुरू करून आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था त्यात करून ठेवलीय. लावणाऱ्यानं तिथं असायलाच हवं असं नाही. आणि समोर चहा पीत बसायलाही हरकत नाही."

पारू खांबाआडून जरा पुढे सरकली.

"आता घंटा. जुन्या प्रतीत ती नाही, कारण तो दफनाचा प्रसंग पूर्वी कापला होता. यंदा ब्लू-रे निघाला त्यात तो परत जोडलाय, हे डिस्कवाल्यानं मला सांगितलं. म्हणजे काकूंनी ऐकला तो आवाज नव्या डिस्कवरचा. ती फक्त अमेरिकेत मिळते, आणि काका ती निघायच्या आधीच गेले. नव्या डिस्कवर चित्रसुद्धा पूर्ण रुंदीचं आहे. जुन्या प्रतीत विहीर अर्धी कापलेली आहे. तिच्यामागं कुणी बसलंय, हे ती जुनी प्रत पाहून कळणं शक्यच नाही. गोळी कुणी मारली म्हणून बंडोकाका कालपासून कुरकुरतायत. म्हातारा ज्यानं पाहिला, त्यानं नवी डिस्क पाहिली."

शैलेश आणि बंडोपंत मनीषकडे वळले.

आशालताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या ज्ञानदाकडेच पाहत राहिल्या, तिनं अजून काही सांगावं आणि ते दुसरंच असावं अशा आशेनं.

"आई, पलीकडच्या वस्तीत चोर शिरले," मनीष अखेर बोलला. "तिथल्या एका म्हातारीला रात्रभर बांधून ठेवलं होतं. मला झोप लागत नव्हती. किती वेळा म्हटलं चल, तू ऐकेनास. वाटलं, थोडी घाबरलीस तर येशील."

"मग जुन्या डिस्कवरचाच आवाज का नाही घेतलात?" बंडोपंतांना राहवलं नाही. "कधी सापडला नसतात."

"तो फाटका आहे हो. बाबांचा पिक्चर तसा लावायला हात धजला नाही."

हे तो मनापासून बोलला, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"घंटेची चूक तुम्हाला त्या शनिवारी कळली," ज्ञानदा म्हणाली. "आईनं हात धरला तेव्हा. तिथं थांबता आलं असतं. तुम्ही जुनी डिस्क लावून घंटा नाहीच असं दाखवलंत. तोवर त्या नुसत्या घाबरल्या होत्या. त्या दिवसापासून त्या स्वतःला वेडी समजायला लागल्या."

मनीष आईच्या पायाशी बसला. सोमवारची वेळ रद्द करतो, कॉम्प्युटर आत्ता फेकून देतो, म्हणाला. तिचा हात धरायला गेला, तर तिनं तो मागे घेतला. ठरवून घेतला नव्हता, विस्तवाला लागल्यासारखा आपसूक मागे आला, आणि ते दोघांनाही दिसलं.

"तुझ्या काळजीनं केलं गं, आई."

"माहीत आहे," आशालताबाई म्हणाल्या. "भूत असतं तर परवडलं असतं रे. ते तुझे बाबाच असते, एक ना एक दिवस मी दार उघडून आत गेले असते. आता मला तुझी भीती वाटते, मनीष."

तो उठला. फाटकापर्यंत गेला, थांबला, मागे वळून पाहिलं आणि गाडीत बसला. आशालताबाईंनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली. मग त्या आत गेल्या, आणि भरदुपारी दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.