हाडाची गाडी

कराडच्या बाजारात जुनी गाडी घेताना आता कुणी बॉनेट उघडून बघत नाही. गिऱ्हाईक खाली वाकतं, चासीवर तळहात ठेवतं आणि दलालाला विचारतं, "हिच्यात आधी कोण बसत होतं?"

प्रणाली हुलवाननेही तेच विचारलं होतं. दलालाने खिशातला हातसुद्धा बाहेर न काढता सांगितलं, "एकहाती गाडी, ताई. सज्जन माणूस. बायकोला शेजारी बसवून रोज न्यायचा-आणायचा, बाकी काय न्हाई." प्रणालीला तेवढं पुरलं. बायकोला शेजारी बसवणारा माणूस गाडी हाणत नाही, असा तिचा साधा हिशेब होता, आणि तो खोटाही नव्हता.

प्रणाली आणि तिचा नवरा संग्राम यांचं भांड्यांचं फिरतं दुकान होतं. उंब्रज, मसूर, पाटण, जिथला आठवडी बाजार असेल तिथे त्यांची गाडी. प्रणाली गाडी चालवायची, संग्राम डावीकडे बसून वाटेतल्या प्रत्येक पाटीवर काहीतरी टिंगल करायचा. नवी भांडी द्यायची आणि लोकांची फुटकी-तुटकी पितळेची भांडी, म्हणजे मोड, वजनावर घ्यायची, हा त्यांचा धंदा. जग कितीही पुढे गेलं तरी बायकांना कढई हातात धरून, वाजवून बघावीशी वाटते, त्यामुळे धंदा बरा चालला होता.

आता ही चासी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. आपल्या हाडाला एक गुण असतो. त्याच्यावर भार पडला की ते तिथे जाड होतं, भार सरला की झिजतं. पैलवानाच्या मांडीचं हाड दणकट होतं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पोकळ, ते यामुळेच. शास्त्रज्ञांनी हा गुण धातूत आणला. त्यांनी बनवलेल्या अस्थिलोहाच्या आत, केसाहून बारीक नळ्यांमधून, धातूचेच सूक्ष्म कण सतत वाहत असतात. ताण येईल तिथे ते थर चढवतात, येत नसेल तिथून थर काढून नेतात. त्यामुळे गाडी निम्म्याने हलकी झाली, चीर पडली तर रातोरात आपली आपण बुजू लागली. मेकॅनिक लोक अशा गाडीला सरळ 'हाडाची गाडी' म्हणत. चासीची वॉरंटी गाडीबरोबर जाई. मालक कितीही बदलोत, गाडी चालतेय तोवर कंपनी बांधील.

गाडीत बिघाड आहे हे प्रणालीला दाखवून दिलं ते लिंबाने.

दर शनिवारी ती जुनं लिंबू-मिरची काढून नवं बांधायची, पुढे, नंबरप्लेटच्या बरोबर मध्यावर. लिंबू चार आणि सात या आकड्यांच्या मधे लोंबायचं. दिवाळीनंतर एका सकाळी तिला ते सातावर आलेलं दिसलं. दोरा काही वाकडा लोंबत नाही. म्हणजे गाडीच डावीकडे कलली होती.

आधी तिला वाटलं, मालाचा दोष. तिने पितळेचे हंडे आणि मोडीची पोती उजवीकडे हलवली. लिंबू हललं नाही. मेकॅनिकने स्प्रिंगा बदलल्या, तरी नाही. शेवटी तिने वॉरंटीत तक्रार टाकली. कंपनीचं उत्तर आलं, 'दुसऱ्या मालकाने क्षमतेबाहेर भार भरल्यामुळे दोष संभवतो.' प्रणालीचं डोकं फिरलं. तिने फोनवर त्यांना इतकं सुनावलं की पलीकडचा मुलगा शेवटी "मॅडम, मी फक्त नोकरी करतो" असं म्हणाला. पण ती हटली नाही. गाडी बसली तर दोघांचं पोट बसणार होतं. अखेर कंपनीने गाडी साताऱ्याच्या तपासणी केंद्रात बोलावली.

तिथे त्यांना भेटल्या डॉ. रेहाना बागवान. अस्थिलोहाच्या अभ्यासात पंचवीस वर्षं घालवलेल्या, जाड चष्म्याच्या, कपात चहा गार करून पिणाऱ्या. त्यांनी गाडी एका काळ्या चौथऱ्यावर चढवली, दिवे मालवले आणि चासीतून ध्वनीच्या लहरी सोडल्या. समोरच्या भिंतीवर चासीचं चित्र उमटलं.

प्रणाली उठून उभी राहिली. तिने रोज ज्यावरून चिखल धुतला, ते लोखंड भिंतभर पसरलं होतं आणि त्याच्या आत थरांवर थर होते, लाखो, निळसर, उजळ, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. आणि ते सगळं हळूहळू सरकत होतं. ती उभी होती तेवढ्या वेळातही कुठे थर बसत होता, कुठे विरत होता.

"ही जित्ती हाय व्हय?" तिने विचारलं.

"जिवंत म्हणता येणार नाही," रेहानाबाई म्हणाल्या. "पण मेलेलीही नाही. मी अजून शब्द शोधते आहे. हे बघा, हा डाव्या सीटखालचा भाग. बसलेला माणूस कधीच स्थिर नसतो. श्वास घेतला की त्याचं वजन सीटवर किंचित हलतं. ते सगळं इथे उमटतं. ही बारीक लहर दिसते? हा श्वास."

"कुणाचा?"

"आधीच्या मालकाच्या बायकोचा." त्यांनी चित्र मोठं केलं. एका थरात बारीक बारीक शहारे एका ठिकाणी गोळा झाले होते. "आणि ही ती हसली, तेव्हाचं. खूप हसली असणार."

संग्राम मागे स्टुलावर बसला होता. तोही पुढे आला. दोघं नवरा-बायको एका अनोळखी बाईच्या हसण्याकडे बघत राहिले. प्रणालीच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. देवळातही तिला कधी इतकं लहान आणि इतकं धन्य वाटलं नव्हतं.

"मग हे पुढं बारीक का होत गेलंय?" संग्रामने विचारलं.

रेहानाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तिचं वजन कमी होत गेलं. आठवड्याला थोडं थोडं. हा तिचा शेवटचा प्रवास. याच्यापुढे श्वास नाही. मग त्या कणांनी तिथले थर काढून नेले."

प्रणाली म्हणाली, "म्हंजी ती गेली म्हणून गाडी कलली?"

"नाही. तिथे कुणी बसतच नव्हतं, म्हणून तुम्ही घेतली तेव्हा गाडी सरळ होती. तुमच्याकडे आल्यावर हे तुमचे मिस्टर बसायला लागले आणि तिथे पुन्हा थर चढले. हे बघा, चांगले जाड." रेहानाबाईंचा आवाज खाली आला. "ताई, हा धातू शिकतो. वजन एका विशिष्ट तऱ्हेने घटत जाताना त्याने एकदा पाहिलं आहे, आणि त्याचा शेवटही पाहिला आहे. तशीच घट पुन्हा दिसली की तो वाट बघत थांबत नाही. आधीच आवरायला लागतो. म्हणून वजन थोडं घटलं, पण चासी खूप विरली आणि डावी बाजू खचली."

"कुणाचं वजन?" असं प्रणालीने विचारलं खरं, पण विचारता विचारताच ती वळली होती. संग्रामने शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"पळापळीत होतंच की कमी," तो म्हणाला. "जेवण जात न्हाई हल्ली, त्यात काय एवढं?"

ती त्याच्याबरोबर रोज गाडीत बसत होती, एका ताटलीत भेळ खात होती. लोखंडाला कळलं ते तिला कळलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रेहानाबाईंनी वॉरंटीचा नियम सांगितला. तक्रार मान्य होती. कंपनी गाडीला विस्मरण देणार होती, म्हणजे चासी एका तापल्या द्रावात बुडवून तिच्यातले सगळे थर सारखे करणार होती. गाडी कोरी होऊन मिळणार होती. नको असेल, तर वॉरंटी तिथेच संपली, आणि पुढे डावी बाजू बसली तर कंपनी जबाबदार नाही.

"कोरी करून घे," संग्राम म्हणाला. "गाडीवर पोट हाय आपलं."

"ते सगळं पुसलं जाईल? ती हसलेली बी?"

"हो," रेहानाबाई म्हणाल्या.

"आणि ह्यांना दवापाण्यानं गुण आला, तर हिला कळंल?"

"वजन वाढलं तर थर परत चढतील. गाडी सरळ होईल. दवाखान्याच्या काट्याआधी हिला कळेल."

"मग ऱ्हाऊ दे," प्रणाली म्हणाली. "जिला कळतंय तिलाच आंधळी करू व्हय?"

वॉरंटी गेली. रेहानाबाईंनी अभ्यासासाठी म्हणून चासीला एक ऐकणारी चकती तेवढी चिकटवू का, असं विचारलं आणि प्रणालीने हो म्हटलं.

मिरजेच्या दवाखान्यात पोटातलं दुखणं निघालं. नाव मोठं होतं, उपचार लांबलचक होते, डॉक्टर बरे होते. "लवकर आलात," ते म्हणाले. पण बरं होईल का, या प्रश्नावर त्यांनी "बघू या" इतकंच म्हटलं. माणसाचं 'बघू या' प्रणालीला पुरेना. तिला लिंबू होतं.

उजाडलं की ती आधी अंगणात जाई आणि गाडीपुढे उकिडवी बसे. लिंबू सातावर. पुढच्या शनिवारी नवं लिंबू, तेही सातावर. संग्राम दारात उभा राहून बघत असे. "काय म्हणतोय डॉक्टर?" तो विचारायचा. ती हसून "अजून न्हाई" म्हणायची. त्याच्या ताटात काय उरलं, तो रात्री किती वेळा उठला, हे विचारायचं तिने हळूहळू सोडूनच दिलं. लिंबू सांगणारच होतं.

आणि होळीच्या सुमाराला लिंबू हललं. आधी सातापासून सुटलं, मग चाराच्या दिशेने सरकू लागलं. प्रणालीने ते संग्रामला ओढत नेऊन दाखवलं. शेजारणीला दाखवलं. ज्या लोखंडाने मरण ओळखलं होतं, तेच आता आयुष्याचे थर चढवत होतं. तिने चासीवर तळहात ठेवला आणि ती रडली. संग्राम तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग एका शनिवारी सकाळी, ती नवं लिंबू ओवत असताना, रेहानाबाईंचा फोन आला.

"ताई, मिस्टर कसे आहेत?"

"झ्याक! लिंबू मधोमध आलंय, मॅडम. मीच फोन करणार होते."

"डाव्या सीटवरचं वजन वाढलं आहे, हे खरं. मलाही आनंद झाला होता. पण काल मी चकतीकडून आलेल्या लहरी नीट पाहिल्या. ताई, जे वजन वाढलंय, ते श्वास घेत नाही."

प्रणालीने फोन ठेवला. डावं दार उघडलं आणि सीटखाली हात घातला. आत जुन्या साडीच्या धडप्यात बांधलेली मोड होती. ठेचलेले पितळी तांबे, कानतुटकी पातेली, वाकलेल्या पळ्या, एकमेकींवर वाजू नयेत म्हणून मधे मधे फडकी कोंबलेली. एका दिवसात जमवलेलं ते नव्हतं. तो जसा घटत गेला, तसं त्याने ते भरत नेलं होतं.

ती वळली तेव्हा संग्राम दारातच उभा होता. त्याने काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"मला फसवलंसा," ती म्हणाली. "गाडीला फसवलंसा!"

"गाडीला पितळ काय आन् मी काय." तो पायरीवर बसला. बसायला त्याला भिंत धरावी लागली. "तू उठलीस की लिंबाकडं बघतीस, प्रणाली. बाजारातनं आलो की लिंबाकडं बघतीस. माझ्याकडं तू कधी बघितलंस शेवटचं? म्हटलं, तुला तिकडंच बघायचं हाय, तर तिथं तरी जरा बरं दिसू दे."

तिने एकेक तांब्या, एकेक पळी बाहेर काढून अंगणात ठेवली. मग ती त्याच्यापुढे उकिडवी बसली, रोज गाडीपुढे बसायची तशी, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. गळ्याखालची हाडं वर आली होती. डोळे आत गेले होते, पण त्यांच्यातला टवाळपणा जिथल्या तिथे होता. तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. आत श्वास चालला होता, उथळ, पण चालला होता.

"आज मसूरचा बाजार," तो म्हणाला. "उशीर होईल."

"मसूर नको. मिरजेला जाऊ. जेवण उरतंय, वजन घटतंय, डॉक्टरला खरं सांगू, सगळं."

"आन् लिंबू? शनिवार हाय."

तिने विळ्याने जुना दोरा तोडला. नवं लिंबू तसंच पायरीवर राहिलं.

ती स्टिअरिंगवर बसली. संग्राम दाराचा आधार घेऊन डावीकडे चढला आणि सीटवर टेकला. त्याच्याखालची गाडी किती दबली, ते प्रणालीला हातांतून, पाठीतून, बसल्या जागी कळलं. मागच्या खेपेपेक्षा कमी. पुढे बघायला लिंबू नव्हतं, तरी कळलं. आता ते तिला रोज कळणार होतं.

"काय गं?" संग्रामने विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघतच तिने गाडी सुरू केली.