टोपल्याखालची काच

दिव्यानी चक्कीवरून तांदळाचं पीठ घेऊन आली तवा ऊन नुकतं कौलावर चढून राह्यलं होतं. बापाचा दहावा होता. सिंदेवाहीच्या अलीकडं, जंगलाले लागून तिचं गाव. तिथी दहाव्याले काय करतात ते तुमाले ठाऊक असन. नसन तं ऐका. जिथी माणसाचा जीव गेला तिथी पीठ पसरवाचं, बाजूले दिवा लावाचा, वरून टोपलं पालथं घालाचं अन् साऱ्यांनी नदीवर जाचं. आल्यावर टोपलं उचललं का पिठात पाऊल दिसते. पाखराचं दिसलं तं जीव पाखरात गेला. सापाची रेघ दिसली तं सापात. माणसाचं दिसलं, तं मंग नशीबच काढलं म्हणाचं.

दिव्यानीची माय गिरजाबाई नवरा हरिदास गेल्यापासून नुसत्या पेजेवर होती. पाऊल पाह्यल्याबिगर भाताले हात लावत नाई म्हणे. हरिदास जाताना लय घुसमटला होता. काहीतरी सांगाचं होतं, ते गळ्यातच राह्यलं. तो सुटला का अडकला, एवढंच तिले पाहाचं होतं.

अन् दिव्यानीले संशय होता इसरूकाकाचा. हा तिच्या बापाचा चुलतभाऊ, पक्का बेरकी. मयतीच्या घरीही याची बोटं वळवळत. मागं एका घरी यानं पिठात कोंबडीचा पाय काढला, तं त्या घरच्यांनी वर्षभर कोंबडी कापली नाई, अन् हा रोज त्यांच्या दारावरून खाकरत जाये. आज सारे नदीवर निघाले तं नेमका याचा गुडघा धरला. जा तुमी, मी घर राखतो, म्हणे. लांडगा म्हणते, मी बकऱ्या राखतो!

आता पोरगी काई कमी नव्हती. ती बंगलोरले फोनच्या कंपनीत. तिचं काम काय, तं फोनचा डोळा लपवणं. सामोरून पाह्यलं का आख्खी काचच काच. भोक नाई का टिकली नाई. कॅमेरा काचेच्या मागं. तेवढ्या जागेतले पडद्याचे बारीक दिवे विरळ लावाचे, फोटो घेताना ते विझवाचे, मंग फटीतून उजेड आत जाते. बांबूच्या रांजीत, दाट बेटात, वाघ बसते ना, तसं. तो तुमाले पाह्यते, तुमाले बांबूच दिसते. असा फोटो येते धुरकट. मंग फोनच आपल्या अकलेनं धुकं पुसते अन् नाकडोळे साफ करते.

असा एक नमुन्याचा फोन तिच्यापाशी होता. सामोर चेहरा आला का आपोआप फोटो काढे. मायची नजर चुकवून तिनं तो पिठाच्या कडेले, काच वर करून ठेवला अन् टोपलं घातलं. इसरूकाकानं सापाची रेघ काढली असती तं माय जित्तेपणी मेली असती.

नदीवरून आल्यावर टोपलं तिनंच उचललं, फोन झटकन ओढणीत घेतला. पिठात पाऊल होतं. इवलंसं, तान्ह्या लेकराचं, पाचही बोटं साफ. गिरजाबाईनं जमिनीले डोकं टेकवलं अन् उठून चुलीवर भात टाकला.

दिव्यानी परसात गेली. फोनमंधी दोन फोटो. नंतरच्या फोटोत इसरूकाका, जीभ बाहेर काढून, मूठ पिठावर धरलेली. मुठीची कड दाबली का तळवा, बोटं टेकवली का बोटं. तिले रागही आला अन् हसूही. छपरीत जाऊन तिनं त्याले हळूच फोटो दाखवला. म्हातारा हसला नाई.

"माय आज जेवन ना? मंग गप राह्य."

"तुमी फसवलं तिले."

"मी काढाच्या आधीच तिथी पाऊल होतं वो. मोठ्या माणसाचं. मी पुसलो ते."

"काऊन?"

"आपलं पाऊल पिठात खाली दबते..." त्यानं आवाज अजून उतरवला. "ते वर आलं होतं. खालून कोणी टेकवल्यावानी."

म्हाताऱ्याची ही नवी थाप, असं तिले वाटलं. तिनं आधीचा फोटो उघडला. काळोख, त्यात पांढरे कण, अन् काचभर एक धुरकट तोंड. ती घाबरली नाई. फोनची अक्कल तिले ठाऊक होती. एकदा त्यानं भोपळ्यालेही डोळे काढले होते. तिनं ती साफसफाई बंद केली. आता तोंड विरघळाले पाह्यजे होतं.

ते अजून साफ झालं. हरिदास होता. तोंड उघडं, काई सांगून राह्यल्यासारखं. अन् पांढरे कण म्हणजे काचेले दाबून बसलेलं पीठ.

"काका... तुमी टोपलं उचललं तवा फोन कसा होता?"

"पालथा. काच जमिनीकडं. मले वाटलं तूच तसा ठेवली. मी सुलटा केलो."

आत भात रटरटत होता. गिरजाबाई पीठ भरून ती जागा शेणानं सारवून राह्यली होती. तिच्या हाताचा आवाज येत होता, मंग थांबला.

"दिव्यानी, इकडं ये वो जरा," ती हळूच म्हणाली. "इथचं सारवण बसूनच नाई राह्यलं. हात फिरवला का... खालून वर येते."